चुकचुक

वाईटाची चाहूल सांगायला मराठीत शब्दांचा तोटा नाही. हुरहूर आहे, पण ती बिचारी निरुपद्रवी. दिवेलागणीला येते आणि भाजी फोडणीला पडली की निघून जाते. धास्तीला कारण लागतं: निकाल, कर्जाचा हप्ता, साहेबाचं बोलावणं. धसका सगळं होऊन गेल्यावर बसतो आणि मग वर्षानुवर्षं उठत नाही. काळजात चर्र होतं, पोटात गोळा येतो, पण तेव्हा डोळ्यांसमोर काहीतरी दिसलेलं असतं किंवा कानावर काहीतरी पडलेलं असतं. या सगळ्यांत न बसणारी एक गोष्ट उरते. कारण नाही, पुरावा नाही, कुणी काही सांगितलेलं नाही, घरातलं सगळं जागच्या जागी आहे, आणि तरी काहीतरी बिनसणार असं वाटून जातं. त्यासाठी मराठीने भिंतीवरची पाल उचलली आणि मनात सोडली. मनात पाल चुकचुकली.

या निवडीचं मला फार कौतुक वाटतं. अपशकुनी म्हणून बदनाम झालेले बाकीचे जीव घराबाहेरचे. घुबड झाडावर, टिटवी माळावर, कोल्हा गावकुसापलीकडे. पाल मात्र घरातली. ट्यूबलाइटच्या मागे, देवांच्या तसबिरींच्या मागे, दिनदर्शिकेच्या मागे तिचं बिऱ्हाड. तिला कुणी पाळत नाही आणि कुणाला ती कायमची घालवताही येत नाही. आवाज एवढासा. बोलणं थांबवावं इतका मोठा नाही, ऐकूच आला नाही म्हणावं इतका लहानही नाही.

आणि चुकचुकणं एकट्या पालीचं नाही. कुणाची वाईट बातमी कळली की आपणही जीभ दातांमागे टेकवून च्, च्, च् करतो. त्यालाही चुकचुकणंच म्हणतात. हातातून निसटलेल्या गोष्टीसाठी मन चुकचुकतं, तेही हेच. म्हणजे घडण्याआधी पाल चुकचुकते आणि घडून गेल्यावर माणसं. बाबा गेले त्या आठवड्यात हे दोन्ही मी आमच्या वाईच्या घरात, पुढच्या खोलीत, एकाच सतरंजीवर बसून ऐकलं.

बाबा शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. पालीबद्दल जितकं त्यांना माहीत होतं तितकं आमच्या आळीत कुणालाच नसावं. प्रयोगशाळेत फॉर्मॅलिनच्या बरणीत एक पांढुरकी पडलेली पाल होती, आणि नववीच्या वर्गात ती बाहेर काढून तिची बोटं भिंगाखाली दाखवणं हा त्यांचा वर्षातला आवडता तास. मीही त्या वर्गात होते. त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: सरडा, सापसुरळी, घोरपड ही सगळी मंडळी मुकी, फार तर फुसकारतील; या कुळात गळा मिळाला तो पालीला. मग ती का बोलते? दुसऱ्या नराला ‘ही भिंत माझी’ असं सांगायला, नाहीतर मादीला बोलवायला. ‘तुमच्या आत्याच्या लग्नाशी तिला काही कर्तव्य नाही. तिला स्वतःच्या लग्नाची पडलीय.’ वर्ग हसायचा. पालीला पापण्या नसतात, डोळे ती जिभेने पुसते, शत्रूच्या तोंडात शेपूट सोडून पळते, अंडी एका वेळी दोनच घालते. हे सगळं मला अजून तोंडपाठ आहे.

ती छताला उलटी कशी चिकटते, हे मात्र त्यांनी कित्येक तुकड्यांना चुकीचं शिकवलं. बोटांखाली चोषकं असतात, हवा काढून ती पकड घेतात, असं तेव्हा सर्रास सांगितलं जायचं. 2000 साली केलर ऑटम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पालीच्या तळव्यावरच्या एकेका सूक्ष्म केसाची ताकद मोजली आणि दोन वर्षांनी हेही दाखवलं की पकड चोषणाची नसून रेणूंमधल्या क्षीण आकर्षणाची, व्हॅन डर वाल्स बलाची आहे. हे कुठल्याशा विज्ञान मासिकात वाचल्यावर बाबांना झालेला आनंद मला आठवतो. बाजारात भेटलेल्या जुन्या विद्यार्थ्यांना थांबवून ते सांगायचे, ‘अरे, मी तुम्हाला चुकीचं शिकवलं होतं, ते खोडून टाक.’ विद्यार्थी तोपर्यंत गॅरेजचे मालक, तलाठी, दोन मुलांचे बाप झालेले. ते मान डोलवायचे आणि पिशवी सावरून पुढे जायचे.

आई त्याच भिंतीखाली वेगळ्या जगात राहायची. पाल चुकचुकली की ती तांदूळ निवडता निवडता तीन बोटं जमिनीवर टेकवायची, ‘कृष्ण, कृष्ण’ म्हणायची आणि पुढचा खडा उचलायची. तिच्या माहेरच्या जुन्या पंचांगात पल्लीपतनाचं कोष्टक होतं: पाल अंगावर कुठे पडली तर काय फळ, पुरुषाला उजवीकडे, बाईला डावीकडे. ते कोष्टक तिला पाठ होतं आणि तरी मी तिला त्याची धास्ती घेतलेली कधी पाहिली नाही. पडली तर अंघोळ करायची, देवापुढे दिवा लावायचा, विषय संपला. भजनी मंडळाबरोबर ती कांचीला गेली तेव्हा वरदराज पेरुमाळाच्या देवळात छताला बसवलेल्या सोन्याच्या आणि चांदीच्या पालींना हात लावून आली. गुरूच्या शापाने पाली झालेले ते दोन शिष्य, असं तिथले लोक सांगतात. त्यांना स्पर्श केला की पालीचे सगळे दोष जातात. परतल्यावर तिने जाहीर केलं, ‘आता आयुष्याची सोय झाली.’

बाबांना यावर बोलायला विषय मिळाला. बंगाली माणसाला पालीच्या आवाजात ‘ठिक, ठिक, ठिक’ ऐकू येतं, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. कुणी काही बोलत असताना पाल बोलली तर तिकडे ते बोलणं खरं ठरतं. खना नावाच्या ज्योतिषी विदुषीची जीभ कापली गेली आणि ती पालीने खाल्ली, म्हणून पालीला सत्य कळतं, अशी तिकडची कथा. ‘म्हणजे बघ,’ बाबा म्हणायचे, ‘तीच पाल, तोच आवाज. बंगालात ती बरोबर-बरोबर म्हणते आणि आमच्याकडे चूक-चूक. पेपर तपासायला बसवावं दोघींना.’

आता खरी गोष्ट. आमच्या घरात मनातल्या पालीचा त्रास होता तो बाबांना. आईला नाही.

त्यांनी तो कधी मान्य केला नाही, पण लपवताही आला नाही. मी मुंबईला शिकायला गेले तेव्हापासून दर सुट्टीनंतर ते मला एसटी स्टँडवर सोडायला यायचे. गाडीचा नंबर तळहातावर लिहायचे. ड्रायव्हरकडे एकदा नीट बघून घ्यायचे, जागा आहे का, माणूस झोपलेला दिसतोय का. गाडी मागे घेऊन फाटकातून बाहेर पडेपर्यंत उभे राहायचे. पुढे खंबाटकीचा घाट होता, त्याचं नाव ते काढायचे नाहीत. ‘पोचलीस की दोन रिंगा दे’ एवढंच. एसटीडीचे पैसे वाचवायला तेव्हा आम्ही दोन रिंगा देऊन फोन ठेवायचो. दोन म्हणजे पोचले, तीन म्हणजे उचला. दोन रिंगा वाजेपर्यंत बाबा जेवायचे नाहीत. आई जेवून, ओटा पुसून, झोपूनही गेलेली असायची. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण ती त्यांना अर्धवट झोपेतून ऐकवायची.

मला यातलं पुष्कळ उशिरा कळलं. आईला भीती वाटत नव्हती असं नाही. तिच्याकडे भीतीची विल्हेवाट लावायची रीत होती. तीन बोटं, दोनदा कृष्ण, आणि काळजी तिच्या हातातून सुटून दुसऱ्या कुणाच्या तरी हवाली व्हायची. बाबांनी ती सोय स्वतःच्या हाताने बंद केली होती. दाभोलकरांची साताऱ्यातली भाषणं ते सायकलवरून जाऊन ऐकत. दाभोलकरांनी अंधश्रद्धा निर्मूलन समिती 1989 साली काढली तेव्हापासून तिच्या शिबिरांना ती बरणीतली पाल पिशवीत घालून नेत. पाल का बोलते हे ज्याला नक्की ठाऊक आहे, त्याने ती बोलल्यावर जमिनीवर बोटं कशी टेकवायची? मग मनातली पाल बोलायची आणि बाबा नुसते ऐकत बसायचे.

एकदा मात्र त्यांचा तोल गेला. 26 जुलै 2005. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. मी कुर्ल्याला ऑफिसात अडकले होते. खाली रस्ता नव्हता, मिठी नदीचं पाणी होतं. लाइट गेले, मोबाइल गेले, ऑफिसचा फोनही गेला. आम्ही दुसऱ्या मजल्यावर टेबलांवर झोपून, बिस्किटं वाटून खात रात्र काढली. भिजलेल्या फायली सोडल्या तर त्या रात्रीतलं माझं काहीच बिघडलं नाही. वाईत बाबा फोनजवळ खुर्ची घेऊन बसले होते. दर थोड्या वेळाने माझा नंबर फिरवायचे. टीव्हीवर तीच तीच चित्रं. आणि ट्यूबलाइटमागे पाल. पावसाने किडे आत आलेले, तिला मेजवानी. ती खाऊन मधून मधून बोलत होती. पहाटे कधीतरी आईला आवाजाने जाग आली. बघते तो बाबा स्टुलावर चढलेले, हातात केरसुणी, आणि ट्यूबलाइटवर सपासप मारतायत. ‘अहो, काय करताय?’ तर म्हणाले, ‘काही नाही, जाळी झाली होती.’

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका चालू बूथवरून मी फोन लावला. एक रिंग पुरी वाजायच्या आत उचलला गेला. ‘बरं,’ बाबा म्हणाले. ‘बरं, बरं. आईला देतो.’

आई पुढे कित्येक वर्षं ही केरसुणीची गोष्ट पाहुण्यांना सांगायची, आणि बाबा पेपर तोंडासमोर धरून बसायचे.

वाईट बातमीची आमच्या लहानपणची साधनं तरी ठळक होती. पोस्टमनने दिलेल्या कार्डाचा कोपरा फाडलेला असला की वाचायची गरज नसे. कार्ड वाचून लगेच फाडून टाकत, घरात ठेवत नसत. ‘तार आलीय’ एवढं ऐकून बायका रडायला लागत, मग आत भले कुणाच्या बाळंतपणाची बातमी असो. जुलै 2013 मध्ये देशातली तारसेवा बंद झाली तेव्हा बाबा म्हणाले, ‘बरं झालं, एक पाल मेली.’ त्याच्या बऱ्याच आधी मोबाइल आला होता आणि तेव्हा मला वाटलं होतं, आता त्यांना बरं पडेल. उलटच झालं. पूर्वी दोन रिंगा ठरलेल्या वेळी यायच्या आणि मधल्या वेळात काही कळण्याची सोयच नव्हती. आता फोन कधीही लागू शकतो म्हटल्यावर तो न लागण्याचा प्रत्येक क्षण मोजावा लागायला लागला. मोबाइलने काळजी कमी केली असं म्हणणाऱ्यांनी मुलं परगावी असलेले आईबाप पाहिलेले नसावेत.

बाबा गेले ते 2019च्या मार्चमध्ये, एका साध्या दुपारी. जेवले, ताक प्यायले, शब्दकोडं सोडवायला बसले आणि तिथेच गेले. उभे शब्द बरेचसे भरलेले होते. त्या वेळी मी मुंबईत ऑफिसच्या कँटीनमध्ये साबुदाणा वडा खात होते आणि एका सहकाऱ्याच्या बदलीवर हसत होते. माझा डोळा लवला नाही, हातातून पेला पडला नाही, घास अडकला नाही. माझ्या मनातली भिंत अगदी स्वच्छ होती.

बाबांनी देहदानाचा अर्ज भरून ठेवला होता, त्यामुळे दहावं, कावळा, काही नव्हतं. लोक तरी येतच राहिले. सतरंजीवर बसायचे, च्, च्, च् करायचे, ‘सर गेले म्हणजे...’ म्हणून थांबायचे. आणि मग, चहा येईपर्यंतच्या वेळात, प्रत्येकजण आपली पाल बाहेर काढायचा. काकूंना आदल्या रात्री कुत्रं रडलेलं ऐकू आलं होतं. समोरच्या आजोबांचा डावा डोळा त्या सकाळपासून फडफडत होता. शाळेतल्या एका शिपायाला सर स्वप्नात वर्गावर जाताना दिसले होते, पाठमोरे. एका मावसबहिणीने तर मला बाजूला घेऊन विचारलं, ‘तुला काहीच नाही का गं जाणवलं? तू तर त्यांची लाडकी.’

हा प्रश्न मला बरेच दिवस टोचत राहिला. नातं खरं असेल तर चाहूल लागायलाच हवी, असं आपल्याकडे सगळ्या गोष्टींनी शिकवलेलं आहे. मारीचाला मारून परतणाऱ्या रामाला पाठीमागे कोल्हेकुई ऐकू येते, आणि आश्रमात सीता नसते. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात सासरी निघालेल्या शकुंतलेला मैत्रिणी राजाला अंगठी दाखवण्याविषयी बजावतात, तिला कापरं भरतं, तेव्हा त्या समजूत घालतात की फार माया असली म्हणजे मनाला वाईट शंका येतातच. पुढच्या अंकात दरबारात तिचा उजवा डोळा लवतो आणि दुष्यंत तिला ओळखत नाही. गोष्टीतली पाल कधी खोटं बोलत नाही. कारण ती भिंतीवर कवीने ठेवलेली असते, शेवट ठरवून झाल्यावर. आमच्या पुढच्या खोलीत बसलेले लोकही तेच करत होते. शेवट कळला होता, आता मागे जाऊन योग्य जागी कुत्रं, डोळा, स्वप्न बसवायचं काम चालू होतं. पहिल्या दिवशी मला त्याचा राग आला. तिसऱ्या दिवशी नाही आला. असा साधासुधा दुपारचा मृत्यू त्यांना सरांच्या मानाने फार कमी वाटत असावा. त्याच्या आधी काहीतरी वाजायला हवं होतं, निदान पालीएवढं तरी.

आठवडाभराने कपाट आवरताना वही सापडली. शाळेची, दोनशे पानी, प्रयोगवही असते तशी एका बाजूला कोरी आणि एका बाजूला रेघांची. बाबांनी पट्टीने रकाने आखले होते: तारीख, वेळ, कोण, कारण, पुढे काय झालं. मथळा नाही. नोंदी मी मुंबईला गेले त्या जूनपासूनच्या.

वाचायला लागल्यावर काय आहे ते कळायला थोडा वेळ लागला. मनात पाल चुकचुकली की बाबा ते लिहून ठेवत. कारणाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘नाही’. शेवटच्या रकान्यात, बहुधा दुसऱ्या पेनने, म्हणजे नंतर केव्हातरी भरलेलं: ‘सुखरूप.’ ‘सुखरूप.’ ‘काही नाही.’ ‘गाडी पंक्चर, बाकी काही नाही.’ आईच्या कांचीयात्रेचे सगळे दिवस ओळीने नोंदलेले, आणि शेवटी ‘सुखरूप. इडलीपात्र आणलं.’ धाकट्या भावाची मित्रांबरोबरची गोव्याची सहल: ‘मोटारसायकल. कारण आहे. सुखरूप. उन्हाने नाक सोललं.’ 26 जुलैची नोंद: ‘कन्या, मुंबई. पाऊस, फोन बंद. 27 ला सायंकाळी फोन. सुखरूप.’ आणि त्याखाली बारीक अक्षरात, ‘पाल हाकलली. अनाठायी.’

पानामागून पान असंच होतं. मधे मधे वेगळ्या प्रकारची ओळ यायची. भावाचा पाय ट्रकला घासून मोडला त्या दिवशीची: ‘आज काही वाटलं नव्हतं.’ बाबांचे धाकटे भाऊ गेले तेव्हा: ‘आज काही वाटलं नव्हतं.’ 20 ऑगस्ट 2013 ला, पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर सकाळी फिरायला निघालेल्या दाभोलकरांना गोळ्या घातल्या त्या दिवशी: ‘आज काही वाटलं नव्हतं. सकाळी झाडांना पाणी घातलं, गुलाबाला कळी होती.’ खोटी ठरलेली चाहूल लिहायची तर न लागलेली चाहूलही लिहायला हवी, हा प्रयोगाचा नियम त्यांनी पाळला होता.

पण सगळ्यात आधीची ओळ पहिल्या पानावर, रकान्यांच्या वर होती, आणि ती नंतर कधीतरी आठवून लिहिलेली असणार. ‘12 जुलै 1961. शाळेत गेलो. काहीच वाटलं नव्हतं.’

बाबांचं लहानपण पुण्यात, शनिवार पेठेत, नदीच्या बाजूला गेलं. पानशेतचं धरण बांधून पुरं व्हायच्या आधीच त्या बुधवारी सकाळी फुटलं. आदल्या रात्रभर जवान वाळूची पोती रचत होते आणि शहर झोपलं होतं. त्या लोंढ्याने खडकवासल्याचं जुनं दगडी धरणही नेलं आणि पाणी पेठांमध्ये शिरलं. बाबा तेरा वर्षांचे होते. त्यांचं घर गेलं. माणसं वाचली, पण ती सगळी एकमेकांना सापडायला रात्र झाली. हे आम्हाला माहीत होतं. पानशेतच्या गोष्टी पुण्याच्या प्रत्येक घरात असतात तशा आमच्याकडेही होत्या, कुणाचं कपाट कुठे सापडलं, धरण गेल्यावर नळाला पाणी नव्हतं तेव्हा कुठून आणलं. पण बाबांनी त्या दिवसाबद्दल हे कधी सांगितलं नव्हतं, की सकाळी दप्तर घेऊन निघताना मनात काही आलं नव्हतं, आणि ते न येणं त्यांना पुराइतकंच लक्षात राहिलं होतं. त्यानंतरच्या आयुष्यात त्यांनी मनातल्या पालीला डोळा मिटू दिला नाही. तिला तशीही पापणी नसते.

नववीत आम्ही प्रयोगवही लिहायचो तेव्हा उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण आणि निष्कर्ष असे पाच भाग लागत. निष्कर्ष नसला की बाबा वही परत करायचे, मुलगी असले तरी. या वहीत निष्कर्ष नव्हता. बेरीज नाही, टक्केवारी नाही, ‘म्हणून असे सिद्ध होते’ नाही. इतक्या वर्षांच्या नोंदींवरून चाहुलीचा आणि घटनेचा काही संबंध नाही, हे पाचवीतल्या पोरालाही सांगता आलं असतं. ते त्यांनी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर वही बंद करावी लागली असती, आणि मला वाटतं, ही वही म्हणजेच त्यांचं ‘कृष्ण, कृष्ण’ होतं. ‘कोण’ या रकान्यात मी होते, भाऊ होता, आई होती, वर्गातली काही मुलं होती, एकदा तर पोस्टमन होता. त्यांचं स्वतःचं नाव कुठेच नव्हतं.

शेवटची नोंद जाण्याच्या तीन दिवस आधीची. ‘सौ. बाजारात. उशीर. कारण नाही.’ शेवटचा रकाना ‘सुखरूप. पडवळ.’

भाऊ म्हणाला, ही वही समितीला देऊ या, निदान फोटोकॉपी करू. मी म्हणाले, नको, ठेवू या. आईने दोघांचं ऐकून घेतलं, वही हातात घेतली, मागची कोरी पानं चाळली आणि म्हणाली, ‘बरीच पानं आहेत की अजून.’ त्या एक तारखेपासून तिने त्यात दुधाचा हिशेब मांडायला घेतला. रकाने आयते होतेच.

त्या वर्षी डिसेंबरात मला कामासाठी नागपूरला जायचं होतं. विदर्भ एक्सप्रेसने संध्याकाळी निघाले, सकाळी नागपूर आलं. हॉटेलात अंघोळ झाली, नाश्ता झाला, पहिली बैठक झाली, आणि दुपारी एकदम लक्षात आलं की फोनवर एकही मिस्ड कॉल नाही. गाडी किती वाजता पोचली, वरचा बर्थ होता की खालचा, स्टेशनवरून रिक्षा केली की टॅक्सी आणि तिचा नंबर काय, यातलं कुणी काही विचारलं नव्हतं. मी कुठे आहे हे त्या क्षणी कुणालाही माहीत असण्याची गरज नव्हती. मी जिन्यात जाऊन घरी फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर आईने उचलला.

‘काय गं, काही काम होतं?’

‘नाही. पोचले म्हणून केला.’

‘कुठे?’

‘नागपूरला.’

‘मग? नागपूरच्याच गाडीत बसली होतीस ना?’ ती म्हणाली. ‘येताना संत्री आण, पण पिशवीत तळाशी घालू नकोस. गेल्या खेपेला सगळी चेंगरली होती. आणि थांब जरा, दूधवाला महिन्याचे पैसे न्यायला आलाय, ठेवू नकोस.’

फोन तिने ओट्यावर ठेवला असावा. पैसे मोजल्याचा आवाज आला, मग वहीची पानं उलटल्याचा.

‘मंगळवार कसला धरतोस?’ आई दारातून म्हणत होती. ‘मंगळवारी तू आलाच नव्हतास. माझ्याकडे लिहिलेलं आहे.’